आमच्या कॉलेजचा जिमखाना: ५ पैकी ३ स्टार, आणि ते तिन्ही सरांचे

मामाची मुलगी यंदा बारावी झाली. खोखो खेळते, पोल मारण्यात एक नंबर, आणि गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला की ताई तुझ्याच कॉलेजला ॲडमिशन घेऊ का, जिमखाना कसाय तिथला. मी उत्तर टाइप करायला बसले ते रात्रीचा दीड वाजला तरी संपेना, म्हणून म्हटलं नीट रिव्ह्यूच लिहावा, तिच्यासारख्या अजून पोरी असतील ज्यांना कॉलेज म्हणजे आधी मैदान आणि मग वर्ग. नाव देत नाही कॉलेजचं. मध्य मुंबईतलं आहे, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, तेवढं बास.

वरवर बघितलं तर जिमखाना छान आहे. हॉलमध्ये बॅडमिंटनची दोन कोर्टं, टेबल टेनिसची तीन टेबलं, कॅरमची वेगळी खोली, मागे मैदान जिथे सकाळी क्रिकेट आणि संध्याकाळी फुटबॉल नि खोखो वाटून घेतात, आणि मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आमची कबड्डीची मॅट. माहितीपत्रकात सगळ्याचे फोटो येतात. पण मी २०१९ ला एफवायला आले आणि २०२२ ला टीवाय करून बाहेर पडले, म्हणजे मधली जवळजवळ दोन वर्षं हा जिमखाना बंद, आणि मग आधी कुठला खेळ उघडायचा, कुठला नंतर, हे ठरवण्यात गेली. ते कसं ठरवलं ते मी अगदी जवळून बघितलंय, त्यामुळे रिव्ह्यू त्याच्यावरच आहे. पाण्याचा कूलर आणि चेंजिंग रूम शेवटी सांगते.

मी लालबागची. आमच्याकडे मंडळ म्हटलं की गणपती आणि कबड्डी, तिसरं काही नाही. कॉलेजच्या टीममध्ये डावा कोपरा खेळायचे, पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरकॉलेज स्पर्धेत आम्ही तिसऱ्या फेरीपर्यंत गेलो, आणि पुढच्या वर्षी ह्यांना बघूनच घेऊ असं म्हणत घरी आलो. मग मार्च २०२०. लोकल बंद, कॉलेज बंद, चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसं. दोरीवरच्या उड्या मारायला गेले तर खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्याकडे म्हातारे सासरे आजारी होते.

त्या काळात आमच्या कबड्डीच्या सरांनी एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी सहाला एकेकीला फोन. व्हिडिओ नाही, नेट कोणाचं चालतंय, साधा फोन. "चल, दम घे." मग मी खिडकीत उभी राहून एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणायचे आणि ते पलीकडे घड्याळ लावून बसायचे. चढाई ३० सेकंदांची असते, मी सुरुवातीला बावीसला तुटायचे. सर वहीत लिहायचे. माझ्या नावाचं पान मी नंतर बघितलं, एप्रिल २०२० पासून तारखा आणि पुढे आकडे, २२, २२, २४, २१, मध्येच एक आठवडा कोरा, तेव्हा बाबांना कोविड झाला होता आणि आम्ही सगळे क्वारंटाइन होतो, त्या कोऱ्या ओळींवर सरांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "विचारू नये, फक्त तब्येत."

आता याद्यांचं. ५ ऑगस्ट २०२० पासून राज्य सरकारने सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी दिली, त्यात गोल्फ, आउटडोअर फायरिंग रेंज, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, बाहेरचं बॅडमिंटन आणि मल्लखांब. पोहण्याचे तलाव बंदच. आई पेपर वाचत होती, म्हणाली, "गोल्फ कोण खेळतं गं आपल्यात?" मल्लखांबाचं नाव बघून मात्र बरं वाटलं, एक माणूस, एक खांब, मोकळी हवा, बरोबरच होतं ते. मग दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला जिम उघडल्या, ५ नोव्हेंबरपासून बॅडमिंटन हॉल, स्क्वॉश, इनडोअर शूटिंग. मोठ्यांचं तरी कुठे सुरळीत होतं, रणजी ट्रॉफी १९३४ ला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या मोसमात रद्द झाली. त्यामुळे सरकारवर माझा राग नाही, रोज माणसं जात होती, कोणीतरी घाईत काहीतरी यादी करणारच.

कॉलेजकडे मात्र घाई नव्हती. मुंबईत कॉलेजं प्रत्यक्ष उघडली २० ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे विचार करायला दीड वर्षाहून जास्त वेळ मिळाला होता. दिवाळीनंतर जिमखाना कमिटीची मीटिंग झाली आणि नोटीस लागली, तिचा फोटो ग्रुपवर आला. पहिला टप्पा बुद्धिबळ, कॅरम, टेबल टेनिस, बॅडमिंटन, ॲथलेटिक्स. दुसरा टप्पा क्रिकेट, फुटबॉल, व्हॉलीबॉल. तिसरा कबड्डी, खोखो, कुस्ती, ज्युदो, आणि त्याच्यापुढे तारखेऐवजी "पुढील सूचनेपर्यंत". कमिटीत विद्यार्थ्यांतर्फे एकच जण, तो क्रिकेटचा, चांगला मुलगा होता पण खोखोचं मैदान किती लांब असतं हे त्याला माहीत नव्हतं, त्याने स्वतःच सांगितलं मला.

यादी आली कुठून तेही नंतर कळलं. अमेरिकेत कॉलेज खेळांची जी संस्था आहे, एनसीएए, त्यांनी २०२० मध्ये खेळांचे तीन गट केले होते, कमी धोक्यात गोल्फ, टेनिस, पोहणं, ट्रॅक ॲन्ड फील्ड वगैरे, मधल्यात बेसबॉल, सॉफ्टबॉल, जिम्नॅस्टिक्स, आणि जास्त धोक्यात बास्केटबॉल, कुस्ती, व्हॉलीबॉल, सॉकर, त्यांचा तो फुटबॉल. कमिटीतल्या कोणीतरी ते समोर ठेवून आपले खेळ त्यात अंदाजाने बसवले. आता त्या यादीत कॅरम कुठून असणार, खोखो कुठून असणार. आणि तिकडेही ते काही दगडावरची रेघ नव्हतं, बिग टेन नावाच्या त्यांच्या मोठ्या कॉन्फरन्सने, म्हणजे विद्यापीठांच्या लीगने, ११ ऑगस्ट २०२० ला फुटबॉलसकट सगळं पुढे ढकललं आणि १६ सप्टेंबरला फुटबॉल सुरू करायचं ठरवलं, पाच आठवड्यांत, आणि त्यासाठी खेळाडूंच्या रोज टेस्ट करायचं मान्य केलं. आपल्याकडे मार्च २०२१ अखेरीस आरटीपीसीआरचा दर ५०० रुपये केला होता, बारा जणींची टीम म्हणजे एका वेळचे सहा हजार, आमचं वर्षाचं किटचं बजेट पण तेवढं नसायचं. म्हणजे त्यांची यादी उचलली आणि ती ज्याच्यावर चालत होती ते पैसे आणि त्या टेस्ट आपल्याकडे नव्हत्याच.

माझं सगळ्यात मोठं म्हणणं कॅरमवरून आहे, आणि हे मी मन लावून सांगतेय. कॅरम बोर्ड २९ इंचांचा. चार जणं चार बाजूंना, नेम धरताना चारही डोकी बोर्डावर वाकलेली, खोलीला एक खिडकी, ती पण बंद कारण रस्त्याची धूळ येते, वर पंखा बंद कारण बोरिक पावडर उडते. मास्क घालून नेम लागत नाही म्हणून मास्क गळ्यात. आणि स्ट्रायकर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. हा खेळ पहिल्या टप्प्यात! बॅडमिंटनचंही तसंच, नेटच्या दोन बाजूंना माणसं लांब असतात खरं, पण हॉल असा बंद करतात की शटल हलू नये, पंखे बंद, खिडक्या बंद, आणि दोन कोर्टांवर आठ जण धापा टाकतायत. २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत कोविड हवेतून पसरतो हे सगळीकडे बोललं जात होतं, तरी कमिटीच्या डोक्यात अजून हात लागतो की नाही एवढंच होतं.

आणि खोखो. खोखोत बसलेले आठ जण असतात ना, त्यांच्या दोन चौकोनांमधलं अंतर दोन मीटरच्या वर असतं. दो गज म्हणजे सहा फूट, रोज फोन लावला की कॉलर ट्यूनवर ती बाई तेच सांगायची, दो गज की दूरी. खोखोवाले तर पिढ्यान् पिढ्या तेवढे लांबच बसतात, ते पण एक ह्या बाजूला तोंड करून, दुसरा त्या बाजूला, कोणी कोणाच्या तोंडासमोर नाही. मोकळं मैदान, २७ मीटर लांब. खो देताना पाठीवर हात, गडी बाद करताना हात, दोन्ही क्षणभर, संपलं. हा तिसऱ्या टप्प्यात, कुस्तीच्या शेजारी. खोखोच्या कॅप्टनने मैदानाचं चित्र काढून, मापं घालून, ऑफिसात नेऊन दिलं. ते घेतलं त्यांनी, "बघतो" म्हणाले. पुढे काही झालं नाही. ती मुलगी नंतर एका बँकेत लागली, भेटली की अजून त्या कागदाबद्दल बोलते.

कबड्डीबद्दल मी खोटं बोलणार नाही. आमचा खेळ धोक्याचाच होता. १२ बाय ८ मीटरच्या जागेत सात जणी हात धरून साखळी करतात, त्यात चढाईवाली येते, सतत बोलत, तोंड उघडं, आणि पकडलं की पाच जणी तिच्या अंगावर. मास्क लावून दम घुमवता येत नाही. माझ्या घरात आजी होती. मला त्या नोव्हेंबरमध्ये कोणी सांगितलं असतं की उद्यापासून मॅच, तर मीच आधी घाबरले असते. कबड्डी शेवटी उघडायची हे बरोबर होतं, फक्त शेवटी म्हणजे कधी, आणि तोवर या पोरींनी काय करायचं, हे कोणीतरी बोलायला हवं होतं ना.

ते सर बोलले. एक फुलस्केप वही घेऊन आले आणि म्हणाले, "कबड्डी बंद आहे ना, मग आपण कबड्डीचे तुकडे करू, आणि कुठल्या तुकड्याला कोणाचा हात लागतो ते बघू." मग बसून लिहिलं. पायांची हालचाल, कोणाची गरज नाही. बोनस रेषा ओलांडून बोनस घेणं, समोर माणूस लागत नाही, खडूची रेघ पुरते. पायाने गडी टिपणं, भिंतीला टेकवलेल्या बांबूला टिपा. घोटा पकडणं, त्याला पर्याय म्हणून वाळू भरलेलं पोतं दोरीला बांधून ओढायचं आणि आम्ही त्याच्यावर झेपायचं. दम मोकळ्या मैदानात, एकीपासून दुसरी दहा फूट, तोंड वाऱ्याच्या दिशेला सगळ्यांचं एकाच बाजूला. जोड्या ठरलेल्या, महिनाभर त्याच दोघी, एकीला ताप आला तर दोघीच घरी, बाकी टीम चालू. वहीची तीन पानं झाली आणि त्यातली जवळजवळ दोन पानं अशी की ज्यात कोणी कोणाला शिवतच नाही. मी आठवीपासून कबड्डी खेळत होते, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं की आपल्या खेळाचा एवढा भाग माणूस एकटाच करतो.

सरांनी ती वही कमिटीला दिली. उत्तर आलं की कबड्डी तिसऱ्या टप्प्यात आहे. सरांनी विचारलं, मॅच मागतच नाहीये, सराव मागतोय, शिवाशिवीशिवाय. परत तेच उत्तर. तीन आठवडे असे गेले, शेवटी सरांनी आमची सगळ्यांची नावं ॲथलेटिक्सच्या रजिस्टरमध्ये लिहिली, कारण ॲथलेटिक्स पहिल्या टप्प्यात होतं, आणि आम्ही धावपटू म्हणून मैदानात शिरलो. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसहा, सात जणी आलो. बाराच्या सात, कारण कॉलेजात यायला दोन डोस लागत आणि लोकलच्या पासाला दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस व्हावे लागत. आमची बदलापूरची चढाईपटू, तिला पहिला डोस ऑगस्टच्या शेवटी मिळाला, मध्ये ८४ दिवस, मग १४, हिशोब करा, थेट डिसेंबर. गाडी असलेल्या, दादर-परळला राहणाऱ्या पोरी आधी आल्या आणि बदलापूर, नालासोपारा मागे राहिलं. हे पण कुठला खेळ सुरू होतो त्याला लागू पडतं, कारण कबड्डीच्या टीमा भरतात त्या तिकडच्याच पोरींनी. यादी करताना कोणी हजेरीचा पत्ता बघितला नाही.

मॅटचं सांगायलाच हवं. आमची मॅट एकेक मीटरच्या चौकोनी तुकड्यांची, दातेरी कडा एकमेकींत बसवायच्या. मुलांचं मैदान १३ बाय १०, म्हणजे १३० तुकडे, ते लॉकडाऊनच्या आधी शेडमध्ये रचून ठेवलेले. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, त्या दिवशी शेडचे दोन पत्रे उडाले. बॅडमिंटन हॉलच्या फुटलेल्या काचा आठवड्यात बदलल्या. शेडकडे कोणी गेलंच नाही, कारण शेडमधला खेळ कुठल्याच यादीत नव्हता, आणि मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत अख्खा पावसाळा त्या मॅटवर पडला. डिसेंबरमध्ये आम्ही शेड उघडली तेव्हा आधी वास आला, ओल्या कपड्यांचे गाठोडे महिनाभर बांधून ठेवल्यावर येतो तसा. वरचा तुकडा उचलला तर खालच्याला चिकटलेला, ओढला तर निळा थर सुटून हातात आला, मध्ये काळ्या बुरशीची नक्षी आणि गोगलगायी. सर काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन बादली घेऊन आले. दोन दिवस आम्ही डेटॉल आणि कपडे धुवायच्या ब्रशने एकेक तुकडा घासला, उन्हात टाकला. ४१ तुकडे फेकावे लागले. उरलेले ८९, आणि मुलींच्या मैदानाला ९६ लागतात. मागच्या एका कोपऱ्यात सात तुकडे कायम कमी, तिथे आम्ही गोणपाट घालायचो. माझाच कोपरा तो.

त्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, प्रो कबड्डीचा आठवा सीझन बंगळुरूला सुरू झाला, एकाच हॉटेलात बारा टीम, प्रेक्षक नाहीत, पहिलीच मॅच यू मुंबा आणि बंगळुरू बुल्सची. आमच्या चाळीत सगळ्या दारांतून एकच आवाज. मी बघत होते आणि गळा दाटून आला, इतक्या दिवसांनी कोणीतरी कोणाचा तरी पट काढताना बघितलं. दुसऱ्या दिवशी पोत्यावर झेपताना सगळ्याच जरा जास्त जोरात होत्या.

मग जानेवारीत ओमायक्रॉन, परत सगळं बंद. फेब्रुवारीत उघडलं. आणि मार्च २०२२ मध्ये अखेर नोटीस लागली, सर्व खेळ सुरू. त्या दिवशी पहिली चढाई बदलापूरवालीची. ती डावीकडे आली, पाय पुढे टाकला, माझा हात आपोआप तिच्या घोट्यावर गेला. गरम होता, घामाने ओला, आणि खरा माणसाचा पाय पोत्यासारखा गप्प राहत नाही, तो हातातल्या हातात वळतो. मी सोडून दिलं. तिने दम सोडला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, मला कळेना आता काय करायचं. सर बाहेरून ओरडले, "अगं धरायचं असतं!" मग दुसऱ्या वेळी धरलं.

त्या वर्षी आंतरकॉलेज स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, मागच्यांपेक्षा वाईट. पण दहा दिवसांच्या सरावावर आलेल्या बाकीच्या कॉलेजांच्या पोरी दुसऱ्या हाफला दम टाकत होत्या आणि आमच्यातली एकही थकली नव्हती. वहीत माझा शेवटचा आकडा ३१ आहे. एप्रिलच्या शेवटी बंगळुरूला खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाले, त्यात त्या वर्षी मल्लखांब पहिल्यांदा घेतला, ते टीव्हीवर बघितलं आणि मग परीक्षा, आणि माझं कॉलेज संपलं.

तर स्टार. जागा आणि सामानाला मी एरवी चार दिले असते, पण शेडचं जे केलं त्यानंतर नाही देणार. कमिटीला शून्य, कारण जिमखाना फी दोन्ही वर्षं पूर्ण घेतली आणि ज्यांचा खेळ मागे ठेवला त्यांच्यातल्या एकीला पण मीटिंगला बोलावलं नाही. तीन आहेत ते सरांचे आणि सरांच्या वहीचे, आणि सर गेल्या वर्षी रिटायर झाले, हे ॲडमिशन घेणारीला माहीत असायला हवं.

मागच्या शनिवारी मी स्वतः जाऊन आले बहिणीसाठी. शेडला नवीन पत्रे आहेत, मॅट पण नवी, पूर्ण. खोखोचे पोल पक्के रोवलेत, संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलींना मिळतं, नवीन मॅडम आहेत, स्वतः खोखो खेळलेल्या, बोलायला मोकळ्या वाटल्या. कूलर चालू आहे, चेंजिंग रूमची कडी तुटलेलीच आहे, बरोबर एक छोटं कुलूप ठेव. कॅरमच्या खोलीला एग्झॉस्ट फॅन बसवलाय. कमिटीत विद्यार्थी आता तीन घेतात, त्यात यंदा क्रिकेट, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस.

फॉर्म भर गं. आणि पहिल्याच दिवशी मॅडमना विचार, शेडची किल्ली कोणाकडे असते.